नोकरी सोडली तर हातांना विश्रांती मिळेल का?

प्रश्न : वय 45. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. घरात यजमान, सासूबाई, बारावीतला मुलगा आणि नववीतली मुलगी. तीन वर्षांपूर्वी रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात असल्याचं निदान झालं. पहाटे पाचला उठते, पण नऊ-साडेनऊपर्यंत बोटं धड वळत नाहीत. कणीक मळताना, भाकरी थापताना, धुणं पिळताना डोळ्यांत पाणी येतं. कुकरचं झाकण मुलाकडून उघडून घ्यावं लागतं. निऱ्या धरता येत नाहीत म्हणून साडी सोडून पंजाबी ड्रेस घालते, त्यावरूनही बोलणी बसतात. संध्याकाळी घरी आलं की अंग गळून जातं. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय कमी कष्ट केले? दिसायला तर चांगली दिसतेस." यजमान म्हणतात, "झेपत नसेल तर स्वेच्छानिवृत्ती घे, निदान घराकडं तरी नीट लक्ष देता येईल." डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. मळमळायचं, केस गळायचे, म्हणून ती बंद केली. आता दुखेल तेव्हा वेदनाशामक गोळी घेते, शिवाय ओळखीतून मिळालेली एक पावडर. शाळेत कुणालाच काही सांगितलेलं नाही. पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवायचे, तेही बंद झालं. नोकरी सोडावी का?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एक गोष्ट केली. ज्या ज्या कामानं हात दुखतो म्हणून तुम्ही लिहिलंय, त्या प्रत्येक कामाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. कणीक, भाकरी, धुणं, कुकर, निऱ्या. सगळ्या रेघा शाळेत जायच्या आधीच्या वेळेत पडल्या. शाळेतल्या एकाही कामाखाली रेघ नाही. खडू धरताना, हजेरी भरताना, वह्या तपासताना त्रास होत असणारच, पण तो तुम्हाला लिहावासा वाटला नाही. आणि तरी प्रश्न विचारलात तो शाळा सोडण्याचा.

नोकरी सोडल्यावर तुमचा दिवस कसा जाईल, ते एकदा डोळ्यांसमोर आणून बघा. पाच वाजता उठणं तसंच. कणीक तशीच. उलट आज डब्याच्या घाईत एखादी भाजी कमी होते, धुणं रविवारवर जातं, तेवढी सूटही उरणार नाही, कारण "आता काय, घरीच तर असतेस." तुमच्या यजमानांच्या वाक्यातच ते आहे: घराकडं नीट लक्ष देता येईल. ते काळजीपोटी बोलले असतील, यात मला शंका नाही. पण जे काम हातांना सर्वांत जड जातं ते पूर्णवेळ आणि ज्यात तुमचं वीस वर्षांचं कौशल्य आहे ते बंद, असा हा सौदा होतो. घरचं काम तुमचंच आणि नोकरी तेवढी ऐच्छिक, हे घरात कुणी कधी बोलून ठरवलेलं नसतं. त्यामुळे ते तपासूनही बघितलं जात नाही. ते तपासायला हवं.

त्याआधी मात्र आजाराबद्दल बोलू, कारण त्याची घाई जास्त आहे.

पाचला उठून साडेनऊपर्यंत बोटं आखडलेली राहतात, म्हणजे चार-साडेचार तास. वयोमानानं झिजलेल्या सांध्यांचा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. आमवातात तो तासाच्या वर टिकतो. तो इतका वेळ टिकतोय याचा अर्थ आजार आटोक्यात नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते, तिथं सूज राहते, आणि ही सूज दीर्घकाळ तशीच राहिली की शेजारचं हाड आणि कूर्चा कुरतडली जाते. एकदा झालेली ती हानी भरून निघत नाही. म्हणून सांगते, आज तुमचे हात जेवढं काम करू शकतात तेवढीच तुमची कायमची ताकद, असं धरून नोकरीचा निर्णय घेऊ नका. उपचार सुटलेल्या अवस्थेतले हे हात आहेत.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट. तीच आहे का, याची चिठ्ठी बघून खात्री करा. आमवातात बहुतेक ठिकाणी उपचार याच औषधानं सुरू करतात. ते दुखणं दाबत बसत नाही, आजाराचा जोर कमी करतं, आणि त्याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात मळमळ दिसते, गुण दिसत नाही, म्हणून कितीतरी जणी ते सोडतात. पण मळमळीवर उपाय असतात. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात, मात्रा बदलतात, गोळीऐवजी इंजेक्शन देतात, आणि तरीही झेपलं नाही तर दुसरी औषधं आहेत. या औषधानं होणारी केसगळती बहुधा सौम्य असते आणि मात्रा बदलल्यावर थांबते. यातलं तुमच्यासाठी काय योग्य ते संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट ठरवतील. "मला मळमळतंय, मी गोळी बंद केली" हे त्यांना सांगायला संकोचू नका. रागावतील या भीतीनं पेशंट पुन्हा फिरकतच नाही, आणि त्यात वर्षं जातात.

हेच औषध घेणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो वार माहीत हवा. यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करायच्याच. दारू टाळायची. आणि मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण गर्भाला या औषधाचा धोका असतो.

आता ती पावडर. तिच्या पुडीवर काय लिहिलंय? बहुधा काहीच नाही. सांधेदुखीवर दोन दिवसांत आराम देणाऱ्या अशा बिननावाच्या पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. त्यानं आराम पडतो खरा, पण महिनोन् महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. म्हणून पुडी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा. वेदनाशामक गोळ्या किती आणि कधी घेता तेही सांगा. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात आणि सांध्याची हानी मात्र थांबवत नाहीत.

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण काय सांगतो? "दुखतंय." किती? "खूप." तेवढ्यात पुढचा नंबर येतो. रोजचं जगणं आजारानं किती अडतं ते मोजण्यासाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. जगभर ती वापरली जाते. तिचं आपल्याकडच्या जगण्याला धरून केलेलं भारतीय रूप 2002 मध्ये आलं, त्यात बारा प्रश्न आहेत. स्वतः कपडे घालता येतात का, भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का, अंग धुऊन पुसता येतं का, उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का, नळ उघडता-बंद करता येतो का, रिक्षात चढता-उतरता येतं का, मंडईतून भाजी आणता येते का, जिना चढता येतो का. प्रत्येकाला उत्तर चारांपैकी एक: सहज, थोड्या त्रासानं, खूप त्रासानं, जमतच नाही. मला ही प्रश्नावली फार मोलाची वाटते, कारण ती "किती दुखतं" इथं थांबत नाही, "काय करता येत नाही" इथपर्यंत जाते.

तुम्ही तुमची स्वतःची अशी यादी करा. त्यात कणीक, निऱ्या, स्कूटीचा ब्रेक, खडू आणि पेटीही घाला. एका आठवड्याच्या नोंदी ठेवा, सोबत सकाळी हात किती वाजता मोकळे झाले तेही लिहा. ही वही डॉक्टरांना उपयोगी पडेल, आणि नंतर घरातल्यांशी बोलताना तुमच्या हाताशी राहील.

सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलं आहे, ते पत्रात दिसतं. त्यांनी कष्ट केले हे खरंच आहे. पाणी शेंदलं असेल, चुलीपुढं जन्म गेला असेल. पण कष्टानं आमवात होत नाही आणि कष्टानं तो बराही होत नाही. काम केल्यानं हात मोकळे होतील, ही समजूत इथं घातक आहे. सांध्यांना हालचाल हवीच, शिकवलेला व्यायामही हवा, पण सुजलेल्या बोटांनी परातभर कणीक तिंबणं म्हणजे व्यायाम नव्हे. आणि "दिसायला चांगली दिसतेस" हेही त्या मुद्दाम टोचायला बोलत असतील असं नाही. पाय प्लास्टरमध्ये असता तर त्यांनीच ताट हातात आणून दिलं असतं. हा आजार बाहेरून दिसत नाही, ही त्याची मोठी अडचण. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना यजमानांना नक्की आणि जमलं तर सासूबाईंनाही घेऊन जा. तुमच्या तोंडून जे गाऱ्हाणं वाटतं, तेच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की वेगळं ऐकू येतं. हे न्याय्य नाही, पण उपयोगी आहे.

आता घरातल्या कामांकडे. तुमच्या घरात धडधाकट हातांच्या तीन जोड्या आहेत. नववीतली मुलगी तुमच्या डोळ्यांसमोर आधी येईल, म्हणून मी मुलाचं नाव आधी घेते. बारावीचं वर्ष असलं तरी रात्री कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवायला पंधरा मिनिटं लागतात, आणि मळणारे हात मुलाचे असले तर पोळीला फरक पडत नाही. यजमानांनी धुणं घ्यावं. मशीन असेल तर कपडे काढून वाळत घालण्यापर्यंत सगळं घ्यावं, नुसतं बटण दाबून मोकळं होऊ नये. सासूबाईंना भाजी निवडणं, लसूण सोलणं जमत असेल तर तेही त्यांच्या कलानं. एक गोष्ट मात्र सांभाळा: काम वाटून दिल्यावर ते तुमच्यासारखं होणार नाही. पोळ्या वेड्यावाकड्या होतील, टॉवेल उलटे वाळत पडतील. ते तसंच राहू द्या. पुन्हा हातात घेतलंत की वाटणी तिथंच मोडली.

भाकरी-पोळीला बाई लावण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. घरात बोललं जाईल म्हणून असेल. पण तुमचा पगार आहे ना? तो शिकवण्या, हप्ते, लग्नकार्यातले आहेर यांना पुरतो आणि तुमच्या बोटांना पुरत नाही, असं का? दोन वेळच्या पोळ्यांचे महिन्याचे पैसे आणि नोकरी सोडल्यावर दरमहा बुडणारी रक्कम शेजारी शेजारी लिहून यजमानांपुढे ठेवा. हिशेबानं पटणारी माणसं पुष्कळ असतात.

आणि काही साधनं. जी पकड बोटांच्या टोकांनी करावी लागते ती टाळायची, मोठ्या सांध्यांवर भार घ्यायचा, हे यामागचं तत्त्व. फिरवायच्या नळाऐवजी दांड्याचा नळ बसवून घ्या, प्लंबरचं तासाभराचं काम. पिशवी बोटांत लटकवू नका, कोपराजवळ किंवा खांद्यावर घ्या. पातेलं एका हातानं सांडशीत न धरता दोन्ही बाजूंच्या कानांना धरून उचला, आणि जमेल तिथं उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवा. पेन, सुरी, कंगवा यांच्या मुठीला फोम गुंडाळून ती जाड करा. धुणं पिळायचंच असेल तर नळाभोवती गुंडाळून तळव्यांनी दाबा. सकाळी उठल्याबरोबर काही मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवून बोटं हलवली की बऱ्याच जणींना लवकर मोकळं वाटतं. हे सगळं नीट शिकवणारे तज्ज्ञ असतात, त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. हात बघून ते मनगटासाठी स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टीही बनवून देतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत याचा स्वतंत्र विभाग असतो. मुंबईत केईएममध्ये आहे, हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आहे. तुमच्या जवळ कुठं आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे आमवाताच्या पेशंटला गोळ्यांची चिठ्ठी मिळते आणि ही चिठ्ठी मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

साडीबद्दल तुम्ही अपराधी वाटून घेतलंय. ते मनातून काढून टाका. निऱ्या धरायला चिमटीची पकड लागते आणि तुमची तीच पकड आजारानं घेतली आहे. शाळेत तुम्ही काय शिकवता हे मुलांच्या लक्षात राहतं.

आता तुमचा थकवा. तो नुसत्या कामाचा थकवा नाही, आजाराचाच भाग आहे. शरीरात सूज पेटलेली असते, तिनं ॲनिमियाही होतो, दुखण्यानं झोप तुटते. हिमोग्लोबिन बघून घ्या. आणि चांगल्या दिवसाचा मोह आवरा. हात हलके वाटले की आपण डबे घासायला काढतो, माळा आवरतो, आणि पुढचे तीन दिवस उठवत नाही. गौरींच्या आदल्या दिवशी करंज्या आणि जेवणाच्या दिवशी पुरण, हे सगळं एकटीनं केलेल्या कितीतरी बायका नंतर आठवडाभर अंथरुणात असतात. जड काम आणि हलकं काम आलटून पालटून, मध्ये थोडा वेळ बसून, आणि हात चांगला असला तरी ठरल्याइतकंच. यंदा पुरणपोळ्या विकत आणल्या म्हणून गौर रुसणार नाही.

शाळेत सांगावं का? माझ्या मते सांगावं. निदान मुख्याध्यापकांना, डॉक्टरांच्या पत्रासह, लेखी. न सांगितल्यामुळे आज तुमचा उशीर हा आळस ठरतो आणि पोषण आहाराची पोती मोजायला नाही म्हटलं तर तो उर्मटपणा ठरतो. तळमजल्यावरचा वर्ग, बसून शिकवायला खुर्ची, लेखी तक्त्यांचं काम दुसऱ्या शिक्षकाला देऊन त्यांचा एखादा तास तुम्ही घेणं, सर्वेक्षणाच्या पायपिटीतून सूट, अशा मागण्या छोट्या आहेत आणि पत्र असलं की त्यांवर विचार करावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 यातलं कलम 20 तुम्हाला माहीत असावं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. आमवात झाला म्हणजे आपोआप दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं असं नाही, सांध्यांची कायमची हानी किती हे तपासून ते ठरतं, आणि तुमची वेळ तिथपर्यंत येऊही नये. पण "तुम्हाला जमत नाही, मग जा" असं कुणी म्हटलं, तर तो शेवटचा शब्द नसतो, एवढं लक्षात असू द्या.

पेटीविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तेही ओझरतं. कणकेसाठी मशीन आणता येतं, भाकरीला बाई लावता येते. तुमची पेटी दुसऱ्या कुणी वाजवून चालणार नाही. आजारपणात आपण आधी आवडीच्या गोष्टी सोडतो, कारण त्या सोडल्या तर कुणाचं अडत नाही, आणि कर्तव्यं मात्र शेवटपर्यंत धरून ठेवतो. मग दिवसात उरतं ते फक्त काम आणि दुखणं. दीर्घ सांधेदुखीत मन खचणं, रडू येणं, कशातच गोडी न वाटणं हे पुष्कळांना होतं. तुम्हाला होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत. पण उपचार सुरू झाले आणि दुपारनंतर बोटं मोकळी व्हायला लागली की संध्याकाळी दहा मिनिटं पेटीवर बसा. जलद वाजवणं नको, नुसते सूर धरा. भाता दाबताना मनगटाला त्रास होत असेल तर मुलीला दाबायला सांगा. थकव्याचा हिशेब मांडताना या दहा मिनिटांची ताकद आधी बाजूला काढा, उरलेल्यात बाकीचं बसवा.

शेवटी तुमचा मूळ प्रश्न. नोकरी सोडूच नका, असं मी म्हणत नाही. योग्य उपचार घेऊनही कुणाला खरोखर झेपत नाही, आणि तेव्हा सन्मानानं थांबणं हा पूर्ण रास्त निर्णय असतो. माझं म्हणणं इतकंच आहे की तो आता घेऊ नका. आधी संधिवाततज्ज्ञांची भेट घ्या. औषध पुन्हा सुरू झाल्यावर किमान तीन-चार महिने द्या. त्याच काळात घरातली वाटणी आणि शाळेतला अर्ज मार्गी लावा. मग तीच यादी पुन्हा भरा आणि आजच्या यादीशेजारी ठेवा. तरीही सोडावंसं वाटलं तर आधी पंचायत समितीच्या लेखा विभागात बसून पेन्शनचा हिशेब समजून घ्या. तुमची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची आहे की नंतरची, यावर त्यात मोठा फरक पडतो. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस तीन महिन्यांची असते, आणि एकदा दिली की ती मागे घ्यायला वरिष्ठांची मंजुरी लागते, म्हणून घरातल्या एखाद्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी अर्जावर सही करू नका. आणि सोडायचं ठरलंच, तर त्याआधी घरात सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलून घ्या: मी घरी बसणार ते हातांना विश्रांती देण्यासाठी, म्हणून पोळीवाल्या बाई आणि कामांची वाटणी तशीच चालू राहील. त्याला यजमानांचा होकार आला, की मग अर्ज लिहा.